खुंटीवरचा कोट कोणी उतरवला?

१

चहाला उकळी येईपर्यंत फोन उघडून बघायची मला वाईट खोड आहे. त्या सकाळी बघितलं, तर खुंटीवरचा कोट नाहीसा झालेला.

कोट चित्रातला. ‘खुंटी’ हा आमचा इंटरनेटवरचा समूह. घरातलं माणूस बाहेर पडलं आणि परत आलंच नाही, अशा घरच्यांचा. कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणाचा नवरा. माझा धाकटा भाऊ. असे आम्ही हजारो आहोत, आणि आमच्यात वाढ होत राहते, याचं कोणाला कौतुक वाटत नाही. आमचा लोगो म्हणजे भिंतीवरची एक खुंटी आणि तिच्यावर टांगलेला कोट. ज्याचा आहे तो येईल आणि घालेल, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी या लोगोचं नवं रूप झळकायचं होतं. झळकलं. खुंटी होती, कोट नव्हता.

खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. ‘म्हणजे आता वाट बघायची नाही का?’ एका बाईने विचारलं होतं. कोणी लिहिलं होतं, की हे ज्याने केलं त्याचं स्वतःचं कोणी हरवलेलं नसणार. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळ्यांचे आभार मानले आणि समूह सोडला, तेव्हा माझा चहा उतू गेला.

मी काही आशावादी माणूस नाही. भाऊ परत येईल असं मला आता वाटत नाही. पण ते माझं मला ठाऊक असणं वेगळं, आणि कोणीतरी चित्र काढून माझ्या तोंडावर मारणं वेगळं.

तेवढ्यात आईंचा फोन आला. आई म्हणजे ज्यांनी ‘खुंटी’ सुरू केली त्या. मी साठी ओलांडलेला आणि त्या माझ्याहून जेमतेम चार पावसाळे जास्त पाहिलेल्या, तरी सगळे म्हणतात म्हणून मीही आईच म्हणतो. मला सगळे विमावाले म्हणतात. जळलेली, बुडालेली गोदामं तपासायची आणि कोण खोटं बोलतंय ते शोधायचं, यात माझी नोकरी गेली.

“विमावाले, तुम्ही या,” त्या म्हणाल्या. “कोट मी उतरवला नाही. कोणी उतरवला ते मला कळलंच पाहिजे. तो माझ्या मुलाचा कोट आहे.”

निघण्याआधी मी किल्लीवाल्याला फोन लावला. समूहाच्या कुलूपकिल्ल्या याच्या हातात, म्हणून हे नाव. हा एका कंपनीत संगणक सांभाळतो आणि त्याची बहीण हरवलेली आहे. रिकाम्या खुंटीचं चित्र तुला कोणी पाठवलं, असं मी विचारलं.

“आईंनीच,” तो म्हणाला. “त्यांच्याच खात्यावरून आलं.”

२

या लोगोचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं झालं होतं. मुळात तो बदलायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पण समूहात नवीन आलेल्या एका मुलीने भीत भीत लिहिलं, की फोनवर तो लोगो नखाएवढा होतो तेव्हा तिला कोट दिसत नाही, लटकलेला माणूस दिसतो. झालं. त्यानंतर कोणालाच दुसरं काही दिसेना. मलाही नाही. रोज सकाळी फोन उघडला की तो माणूस तिथे लटकत असायचा.

मग आईंच्या मुलीने, ताईने, आपल्या ओळखीची एक डिझायनर आणली. तिची कामाची रीत निराळी. ती आधी काळा कागद कात्रीने कापते, तुकडे पांढऱ्या पुठ्ठ्यावर मांडते आणि त्याचा फोटो काढून संगणकावर घेते. म्हणते, कात्रीला फालतू बारकावे जमत नाहीत, त्यामुळे लहान झालं तरी चित्र ओळखू येतं. आईंच्या घरी जाऊन तिने खऱ्या कोटाचा फोटो काढला, तोही हात न लावता. त्या कोटाला कोणीही हात लावलेला आईंना चालत नाही. त्यावर मुलाचा वास आहे.

तिने केलेल्या चित्रावर सगळे तुटून पडले. बाह्या आखूड वाटतात, कोट लहान मुलाचा वाटतो. खाली कडेला ही दुसरी बारीक रेघ कशाला? आईही म्हणाल्या, की त्याच्या बाह्या चांगल्या लांब होत्या. डिझायनर हटली नाही. फोटोत जे आहे तेच कापलंय, आखूड आहे तर आखूड आहे, आणि खाली रेघ आहे तर आहे. शेवटी मत घेतलं आणि तिचाच कोट पास झाला. नखाएवढा केला तरी तो कोटच दिसत होता, हे खरं. कागदाचे ते कापलेले तुकडे आईंनी बघायला घरी ठेवून घेतले.

किल्लीवाल्यावर मी फोनवरच जरा तोंडसुख घेतलं. आयत्या वेळी भलतंच चित्र येतं, आणि तू एका शब्दाने विचारत नाहीस? तो म्हणाला, आपला नियमच आहे ना काका. खरं होतं. ‘खुंटी’वर कोणी कोणाला ‘का’ म्हणून विचारायचं नाही. पोलिसांनी, शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आम्हाला आधीच पुरेसं विचारून झालेलं असतं. आदल्या दुपारी आईंच्या नावाने ‘हाच लावा’ असा निरोप आला, त्याने तो लावला. दुसऱ्या कुठल्याही समूहात असलं काही खपलं नसतं.

वाटेत मी डिझायनरच्या खोलीवर डोकावलो. संशय घ्यायला ती सगळ्यात सोयीची होती, कारण तिचं कोणी हरवलेलं नाही, आणि आम्ही तिला पुरेसं छळलंही होतं. ती रडून रडून लाल झाली होती. मी काही बोलायच्या आत तिने चित्र मोठं करून माझ्यासमोर धरलं.

“काका, ही खुंटी माझी नाही,” ती म्हणाली. “कोटाच्या कॉलरीने खुंटीचं टोक झाकलंय. मला ते दिसलंच नव्हतं, म्हणून मी खुंटीचा भिंतीजवळचा तुकडाच कापला होता. ही कोणीतरी नव्याने अख्खी कापली आहे. टोक बघा.”

मी बघितलं. टोक गोल नव्हतं. तिरपं, दातेरी, मोडलेलं होतं.

३

आईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की अरुंद बोळ, बोळात डाव्या हाताला लाकडी फळी, फळीवर एका ओळीत खुंट्या. बाकीच्या खुंट्यांवर छत्री, पिशवी, ताईची ओढणी. मधल्या खुंटीवर कोट. गडद तपकिरी, लोकरीचा. येणारा-जाणारा त्याच्यापाशी अंग चोरून घेतो.

अण्णा, म्हणजे आईंचे यजमान, खुर्ची पुढे सरकवून स्वयंपाकघरात गेले. टपाल खात्यातून निवृत्त झालेला अबोल माणूस. समूहाच्या भानगडीत ते कधी पडत नाहीत. आम्ही आमच्या दुःखाच्या गप्पा मारत बसतो तेव्हा ते चहा करून आणतात.

आई ज्यावरून समूहावर लिहितात तो टॅबलेट बोळातल्या टेबलावर पडलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. त्याचा परवलीचा शब्द म्हणजे मुलाची जन्मतारीख, जी घरात सगळ्यांना आणि समूहात अर्ध्या लोकांना माहीत. काल दुपारी त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. कापलेले काळे कागद कपाटात होते, पण कोणीतरी हाताळून विस्कटलेले. म्हणजे चित्र या घरातच तयार झालं, हे उघड होतं.

मी बाकीच्या खुंट्यांकडे बघितलं. प्रत्येकीच्या टोकाला लाकडाचं गोल बोंड होतं.

“या मधल्या खुंटीलाही बोंड आहे का?” मी विचारलं.

“आहे की. एकाच सुताराने केल्यात सगळ्या.”

कोट खाली न काढता मी फक्त कॉलर उचलली तर चालेल का, असं मी विचारलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी दोन बोटांनी कॉलर वर केली. बोंड नव्हतं. खुंटी टोकाशी तिरपी मोडलेली होती, चित्रातल्यासारखीच.

आई किती तरी वेळ तिथेच बघत राहिल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दवाखान्यात दाखल झाल्या त्या सकाळी त्यांनी याच खुंटीवरून आपली पिशवी उचलली होती. तेव्हा बोंड शाबूत होतं. बऱ्याच दिवसांनी घरी आल्या तेव्हा मुलगा घरात नव्हता आणि कोट खुंटीवर होता. त्याच कोटाने त्यांना आजवर जगवलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत कायमचा निघून जाणारा माणूस कोट मागे ठेवून जाईल का? नाही ना? म्हणजे तो लगेच परत यायला म्हणून गेला होता. तेव्हापासून कोट तिथून हललेला नाही.

“म्हणजे बोंड मोडलं ते कोट शेवटचा टांगला तेव्हा,” मी म्हणालो. “आणि मोडकी खुंटी पाहिली ती कोट टांगणाऱ्याने. एकट्याने. ज्याने कोट टांगला, त्यानेच हे चित्र केलं.”

हुशारी दाखवायची खुमखुमी वाईट. मला वाटलं मी कोडं सोडवतोय. आईंचा चेहरा बदललेला मला उशिरा दिसला.

“स्वतःचा कोट कोण टांगतं, विमावाले?” त्या म्हणाल्या. “ज्याचा असतो तोच ना?”

त्यांनी दाराकडे बघितलं.

“त्याच्याकडे घराची किल्ली आहे. काल तो घरी येऊन गेला.”

४

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण त्यांच्या हातात टॅबलेट होता, आणि मी शब्द जुळवतोय तोवर त्यांनी सगळं लिहून पाठवलंही होतं. मोडलेलं बोंड, झाकलेली खुंटी, माझं अनुमान, माझ्या नावासकट. शेवटी लिहिलं होतं, ‘माझा मुलगा जिवंत आहे. कोट आता लागणार नाही असं तो सांगतोय.’

मग जे सुरू झालं ते मला बघवेना. लोक आनंदाने वेडे झाले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे एका काडीला हजारो लोक लटकले. ज्या बाईने सकाळी विचारलं होतं वाट बघायची नाही का, तिने नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करायला घेतली होती. समूह सोडून गेलेले ते म्हातारे गृहस्थ परत आले. किल्लीवाल्याने लिहिलं, ‘बहिणीच्या खोलीचं कुलूप आज काढलं.’ हा तरुण तसा कधी स्वतःबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. इतक्या वर्षांनी घरी आलेला मुलगा आईची वाट बघत बसेल, की कागद कापून चित्र मांडून निघून जाईल? मी आईंना तसं विचारलं, नियम मोडून.

“लाजत असेल,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घालायला गेल्या. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. अण्णा कुठे दिसत नव्हते. दही आणतो म्हणून ते केव्हाच खाली उतरले होते.

ताई कामावरून धावत आली. आईची ती लगबग बघून तिने मला हाताला धरून जिन्यात नेलं आणि तुम्ही हे काय करून ठेवलंत काका, म्हणून चांगलं फैलावर घेतलं. ते मी ओढवून घेतलेलंच होतं, मी ऐकून घेतलं. मग मी तिला तो दिवस आठवतो का, असं विचारलं. ती तेव्हा शाळेत जेमतेम जायला लागली होती.

“मला तो मावशीकडे सोडायला आला होता,” ती म्हणाली. “अण्णा दवाखान्यात होते, म्हणून. बसमध्ये मला थंडी वाजत होती, तर त्याने मला आपल्या बाहीत हात घालायला दिला. त्याच्या बाह्या इतक्या लांब होत्या की माझा हात आत हरवायचा.”

“कुठल्या बाहीत?”

“कोटाच्या.” ती थांबली. “पण तो दुसऱ्या कुठल्या तरी दिवशीचा प्रसंग असणार. अण्णा म्हणाले की तुझी गल्लत होतेय, कोट तर घरीच होता. मी खूप लहान होते ना. मग मीही तसंच म्हणायला लागले.”

“मावशीकडून तू परत कधी आलीस?”

“आई घरी आल्यावर. तोपर्यंत घरी अण्णा एकटेच होते.”

तिच्या फोनमध्ये त्याचा जुना फोटो होता. हाच कोट घालून, कोणाकडे तरी बघून हसत उभा. बाह्या पार बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. मी तो फोटो घेऊन परत बोळात गेलो आणि खऱ्या कोटाशेजारी धरला.

५

गोदामात पाणी शिरलं की कापडाचं काय होतं, यावर माझं पोट चाललं. सुती कापड डागाळतं. रेशमाची रया जाते. पण लोकर भिजली, मळली आणि कोणी अडाण्याने ती गरम पाण्यात घुसळून धुतली, की ती आटते. बाह्या आखूड होतात, कोट वर सरकतो. आतलं अस्तर लोकरीचं नसतं. ते आटत नाही. ते होतं तेवढंच राहतं आणि खालून बाहेर डोकावतं.

कोटाच्या खालच्या कडेखाली बोटभर अस्तर लोंबत होतं. डिझायनरने प्रामाणिकपणे कापलेली आणि आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडलेली ती दुसरी रेघ ही होती. फोटोतल्या पोराच्या कोटाला ती नव्हती. आईंना ती दिसली नसेल का? त्या या कोटाकडे सरळ कधी बघतच नव्हत्या. अंधाऱ्या बोळात त्याच्यापाशी आल्या की डोळे मिटून वास घ्यायच्या, आणि बाह्या त्यांच्या आठवणीत लांबच होत्या.

आता सगळं आपोआप जुळत गेलं आणि मी ते थांबवू शकलो नाही. पोरगा कोट घालून गेला होता. ताईची गल्लत नव्हती. मग कोट पाण्यात भिजला, कोणीतरी धुऊन घेतला आणि घरी आला. कोट आला, पोरगा आला नाही. ज्याने तो आणून टांगला त्याने ते कोणाला सांगितलं नाही. आई दवाखान्यात, ताई मावशीकडे. घरात त्या दिवसांत एकच माणूस होता.

खोटा दावा पकडला की मला पूर्वी आतून बरं वाटायचं. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की आपण चुकलेलो असलो तर बरं.

आई आतून विचारत होत्या, त्याला अजून दोन उश्या लागत असतील का हो? मी ‘हो’ म्हणालो आणि अण्णांना शोधायला खाली उतरलो.

६

ते इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यावर बसले होते. दही आणलं नव्हतं. मला येताना बघून ते किंचित सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.

“अस्तर दिसलं ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मला वाटलं होतं, मला त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यावी लागेल. तसं झालं नाही. इतकी वर्षं तोंडाला कुलूप घातलेला माणूस, विचारायच्या आधीच सांगत सुटला.

मुलगा ताईला सोडायला गेला त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावच्या पोलिसांचा निरोप आला होता. तो नदीच्या पुलाखाली सापडला होता. पाय घसरला की काय झालं, ते अण्णांनी कोणाला विचारलं नाही आणि स्वतःशीही ठरवलं नाही. आईंची शस्त्रक्रिया आदल्याच दिवशी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की कसलाही धक्का बसता कामा नये. त्यांनी एकट्याने ओळख पटवली, एकट्यानेच त्याचं सगळं उरकलं. मग कोट हातात दिला गेला, चिखलाने भरलेला. समोरच्या लाँड्रीत टाकला. त्या लोकांनी तो कसा धुतला ते बघायचं त्यांना भानच नव्हतं.

“घरी आणला तर ठेवू कुठे, मला कळेना,” ते म्हणाले. “जिथे असायचा तिथे टांगायला गेलो. जोरात धक्का बसला आणि बोंड मोडलं. बास. फसवायचं वगैरे काही मनात नव्हतं हो. ती घरी आली, बोळात थांबली आणि म्हणाली, कोट इथेच आहे, म्हणजे जवळच कुठे गेला असेल. मी ‘हो’ म्हणालो. मी एवढंच खोटं बोललो.”

“आणि नंतर?”

“नंतर, जरा बरी होऊ दे, म्हटलं. मग ती पोलिसांत जाऊ म्हणाली, तर मी जाऊन आल्याचं सांगितलं. एकाला दुसरं चिकटत गेलं. मग तिने हा समूह काढला. रोज कोणीतरी बाई फोनवर रडायची आणि ही तिला सांगायची, माझ्याकडे बघा, माझ्या मुलाचा कोट अजून खुंटीवर आहे. आता सांगा, कुठल्या दिवशी सांगायला हवं होतं मी?”

मी त्यांना चित्राचं विचारलं.

डिझायनरने कोट मोठा करून भिंतीएवढा छापायचा बेत केला होता. त्यासाठी कोट एकदा खाली काढून सपाट मांडून फोटो घ्यायचा होता, आणि आई हळूहळू तयार होत होत्या. एकदा हातात घेतला की त्यांना कळणार होतं. त्याआधी आपणच सांगावं असं अण्णांनी ठरवलं. रोज ठरवत होते. बायको समोर आली की चहा ठेवायला उठायचे.

“तोंडाने जमेना, म्हणून कात्री घेतली,” ते म्हणाले. “वाटलं, रिकामी खुंटी बघून ती मला विचारेल. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तिने तुम्हाला बोलावलं.”

७

तुम्हीच सांगा, तुम्हाला असले अहवाल द्यायची सवय आहे, असं ते म्हणाले. मी नाही म्हणालो. मला तेवढा धीर नव्हता, आणि त्या घरात ते सांगायचा हक्कही माझा नव्हता. मी फक्त बरोबर येतो म्हणालो. जिन्यात ते दोनदा थांबले.

आईंनी कोट खाली काढला होता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो येईल तेव्हा धुळीने माखलेला नको, म्हणून मांडीवर घेऊन त्या ब्रशने साफ करत होत्या. करत असाव्यात. आम्ही आत आलो तेव्हा ब्रश खाली पडला होता आणि त्यांनी आपला हात बाहीत घातला होता. त्यांचं मनगट बाहीबाहेर आलं होतं. लोंबणारं अस्तर त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं. आपल्या पोराच्या कोटाचं माप आईला माझ्यासारख्याने समजावायला लागत नाही.

“तो येणार नाही,” अण्णा म्हणाले. “मीच त्याला पोचवून आलो. तू दवाखान्यात होतीस तेव्हा.”

त्या ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं त्यांना काही होईल, मी डॉक्टरचा नंबरही काढून ठेवला होता. त्यांनी फक्त विचारलं, कुठे. अण्णांनी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, बरोबर कोण होतं. अण्णा म्हणाले, कोणी नाही, मी एकटाच.

मी त्या दोघांना पुष्कळ वर्षं पाहत आलो आहे, आणि मनातून मला खात्री होती की आता आई उठतील आणि या माणसाच्या पाठीवर हात ठेवतील. एवढं ओझं एकट्याने वाहिलं म्हणून तरी ठेवतील. अण्णाही तशाच आशेने उभे होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“कसा दिसत होता?” आईंनी विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता आलं नाही.

“बघा,” आई म्हणाल्या. “त्याला शेवटचं बघायचं होतं ते दोघांचं होतं. माझ्या वाटणीचंही तुम्हीच बघितलंत. आणि आता सांगतासुद्धा येत नाही.”

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. ताई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आईकडे गेली नाही आणि वडिलांकडेही गेली नाही. टेबलावर टॅबलेट सारखा वाजत होता. कुठून कुठून लोक अभिनंदन करत होते, आमचाही येईल ना हो आई, असं विचारत होते, आणि त्यांना काय लिहायचं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.